मामांची बैठक

"काशे, बसलेल्या म्हाताऱ्याजवळ मी दिवसभर बसेन. निजलेल्याजवळ नाय बसायची," बनूबाई म्हणाली आणि सूप पाखडून तिनं कोंडा उडवला.

बनूबाई आमची शेजारीण, भावकीतलीच, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. हेंद्रेपाड्यात तिच्या शब्दाला मान होता आणि तो मान तिला जपायचाही होता. म्हातारा असला, लुळा असला, तरी पुरुष तो पुरुष. अंथरुणावर पडलेल्या पुरुषाच्या उशाशी एकटी बाई दिवसभर बसली तर पाडा काय बोलेल? तोच माणूस ओटीवर खुर्चीत बसलेला असला, दार सताड उघडं असलं, तर बाई समोर तांदूळ निवडत बसली तरी कुणी ढुंकून बघत नाही. आता यात शहाणपण किती आणि खुळेपणा किती ते तुम्ही ठरवा. मला वाद घालायला वेळ नव्हता. माझ्याकडे सतरा दिवस होते.

अंबरनाथच्या एका शाळेतून मला कागद आला होता. शिपायाची जागा, कायमची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सोमवारी हजर व्हायचं. मी सातवी पास. मुलाखतीला हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, घंटा वेळेवर वाजवाल ना?" मी म्हटलं, "सर, शिकवलंत तर विमान पण चालवीन." ते हसले आणि मला वाटतं त्या हसण्यावरच मला जागा मिळाली. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, या नऊ वर्षांत विहीर, शेत आणि चूल सोडून मी कुठं गेले नव्हते. मला जायचं होतं. पगारासाठी, हो, पण त्याहून जास्त सकाळी उठून, केस विंचरून, दाराबाहेर पडण्यासाठी. सांगून टाकते, त्यात लपवायचं काय?

मधे आले होते मामा. मामा म्हणजे माझे सासरे, रामभाऊ. आषाढात भाताच्या आवणीच्या वेळी चिखलात बसले ते उठलेच नाहीत. लकवा मारला. डावं अंग गेलं, वाचा गेली. आणि गंमत बघा, जन्मात ज्या माणसानं बैलाला शिवी दिली नाही, त्याच्या तोंडात आता फक्त एक शिवी शिल्लक राहिली होती. पाणी दिलं की "रांडेच्या". कूस बदलली की "रांडेच्या". माझी दुसरीतली सुनंदा शाळेतून आली की तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेनं तेच. पोरगी पण शहाणी, ती म्हणायची, "हो आज्या."

सासूबाई, विठाबाई, चार वर्षांपूर्वीच गेलेल्या. म्हणजे मामांचं हगणं-मुतणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्यावर. मी तक्रार करत नव्हते. पण कागद आल्यावर मी नवऱ्याला विचारलं. आमचे हे, किसन, अंबरनाथला केमिकल कंपनीत होते. जेवता जेवता म्हणाले, "बाबाची सोय कर नि जा. मी कशाला अडवू?"

असं बोलले आणि वाटी पुढे केली, आमटी वाढ म्हणून. त्यांना पक्कं ठाऊक होतं की सोय होणार नाही.

पण मी करणार होते. कंपनीच्या भंगारातून निघालेली एक लोखंडी हाताची खुर्ची आमच्या पडवीत कोंबड्या निजायला पडली होती. तिची पट्टी फाटलेली. मी कोंबड्या हाकलल्या, खुर्ची राखेनं घासली, आणि काथ्याची दोरी आडवी-उभी घट्ट विणून बैठक केली. मामांना उचलून त्यात ठेवलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सुनंदा. दोन मिनिटं बसले. दोरी बोचली, डावा खांदा खाली गेला, आणि अख्खा माणूस ओल्या पोत्यासारखा कलंडला. मी धरलं नसतं तर डोकं फुटलं असतं. ते म्हणाले ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि या वेळी ते शंभर टक्के बरोबर होतं.

मग गाद्या करायच्या ठरवल्या. बसायला एक, पाठीला एक, डाव्या कुशीला एक लांब, आणि हाताखाली एक लहान.

नुकतंच भात झोडून झालं होतं, पेंढा ढिगानं होता. फुकटचा माल म्हणून मी पोत्यात पेंढा कोंबला, तोंड शिवलं. दिसायला झकास. संध्याकाळपर्यंत मामांच्या पाठीवर लाल गांधी उठल्या आणि पेंढ्यातले किडे त्यांच्या बंडीत शिरले. मी खोबरेल चोळत बसले. हे घरी आले, बघितलं, आणि म्हणाले, "बैलाला पण झटकून पेंढा घालतात गो." आणि हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण हातात तेल होतं, तेच चोळत राहिले.

घरात कापूस होता, तो एकाच ठिकाणी. माझ्या माहेरून आलेली गादी. माझ्या आईनं शेवरीचा कापूस दोन उन्हाळे गोळा करून भरलेली. नऊ वर्षांत ती चपटी झाली होती, आत गाठी झाल्या होत्या, आणि आषाढापासून ती मामांच्या खाली होती, तेव्हा वासाचं बोलायला नको. मी ती अंगणात टाकून उसवली. पिंजाऱ्याला बोलवावं तर तो दिवाळी करून गावाला गेलेला. तीन दिवस मी हातानं कापूस फोडला. एकेक गाठ बोटांनी उकलायची, उन्हात पसरायची, वेताच्या छडीनं झोडायची. नाकातोंडात तूस जायचं. शिंका येऊन येऊन पोटात कळ यायची. बनूबाई कुंपणावरून म्हणायची, "काशे, नोकरी अजून लागली नाय नि तू म्हातारी झालीस." केसांवर कापूस बसलेला, दिसत असेनच तशी.

कापसाच्या गाद्या झाल्या. मऊ लोण्यासारख्या. मामा बसले, डोळे मिटले, चेहरा सैल सुटला. मी मनात म्हटलं, जिंकले. अर्ध्या तासानं कापूस डावीकडे दबला, कड ढासळली, आणि मामा पुन्हा कलंडले.

त्या दिवशी मी रडले. चुलीपुढे बसून, फुंकणी हातात धरून. अकरा दिवस संपले होते.

दुसऱ्या दिवशी भात कांडताना माझं लक्ष उखळाकडे गेलं. उखळाभोवती आम्ही जुन्या चिंधीचं वेटोळं घालतो, दाणे सांडू नयेत म्हणून. कितीही कांडा, ते वेटोळं दबत नाही. का दबत नाही? कारण ती चिंधी पीळ भरून, दाट टाके घालून केलेली असते. मी मुसळ तिथंच ठेवलं आणि माळ्यावर चढले.

माळ्यावर सासूबाईंच्या गोधड्या होत्या. पाच. त्यांच्या नि त्यांच्या सासूच्या लुगड्यांच्या. इतक्या वर्षांच्या धाग्यानं त्या अशा घट्ट झाल्या होत्या की कात्री चालेना, कोयत्यानं कापाव्या लागल्या. हातभर रुंदीच्या पट्ट्या काढल्या, ओल्या करून पिळल्या, गुंडाळल्या आणि त्या वळकट्यांची चौकट करून गादीच्या चारी कडांना आत शिवली. मधे कापूस. म्हणजे मधे मऊ आणि कडेला भिंत. डाव्या बाजूची भिंत मी दुप्पट जाड केली. पोत्याची सुई नि सुतळी. प्रत्येक टाका ओढताना तर्जनीत दोरी रुतायची, रक्त आलं तर बोटाला हळद लावायची आणि पुढे.

मामा अंथरुणावरून बघत होते. मी विठाबाईंची हिरवी गोधडी कापायला घेतली तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला. शिवी देतील असं वाटलं. दिली नाही. हात तसाच हवेत राहिला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी कोयता खाली ठेवला. म्हटलं, "मामा, तुमच्याच पाठीला लावणार हाय. दुसऱ्या कुणाला नाय देत." त्यांनी हात खाली घेतला. मग मी कापली.

आता वरून अभ्रे हवे होते, ओलं झालं तरी पुसता येईल असे. रेग्झिन. त्यासाठी उल्हासनगर कॅम्प पाचला जावं लागतं, फर्निचरवाल्यांकडे कात्रण मिळतं. आणि इथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. माप नीट घेता यावं म्हणून मी एक गादी पिशवीत घालून बरोबर नेली.

टेकचंद शेठचं दुकान म्हणजे खुर्च्यांचा डोंगर. शेठनं कात्रणाचा ढीग दाखवला. मी गादी काढून त्यावर मापायला लागले. शेठ चष्मा वर करून आला. गादी हातात घेतली, कड दाबली, खाली टाकली, त्यावर स्वतः बसला, उठला, पुन्हा बघितली. कड जिथल्या तिथं.

"बेटी, ये किसने बनाया?"

"मीच. म्हणजे मैंने."

"फोम नहीं है?"

"फोम कशाला? जुनी गादी, जुनी गोधडी."

"देखो," तो आपल्या कारागिराला म्हणाला, "तू फोम डालके भी ऐसा कोना नहीं बनाता." कारागिरानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचं जेवण पळवलंय. शेठनं विचारलं, कुठं राहता, घरवाला काय करतो. आणि मी सांगितलं. हेंद्रेपाडा, आमचे हे अमुक कंपनीत, तमुक शिफ्टला, गेटवर कुणालाही विचारा. दात काढून सांगितलं. नऊ वर्षांत कुणी माझ्या हाताचं कौतुक केलं नव्हतं, जीभ सैल सुटली. शेठनं कात्रण फुकटच दिलं, वर चहा पाजला. रस्ताभर मी हवेत होते.

शाळा उघडायला चार दिवस होते तेव्हा मामा बसले. चारी गाद्या लागल्या, पोटाला माझं जुनं लुगडं पट्ट्यासारखं बांधलं, आणि बसले ते बसलेच. खुर्ची ओटीवर ओढली. पाच महिन्यांनी त्या माणसाला रस्ता दिसला. गुरं पाण्यावर चालली होती, पाड्यातल्या बबनची सायकल गेली, कुणीतरी "राम राम रामभाऊ" म्हणालं. मामांनी उजवा हात कपाळाला लावला. बनूबाई सूप घेऊन आली, समोर बसली, आणि दुपारपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तर तिनं स्वतःहून त्यांना पेज भरवली. "काशे," ती म्हणाली, "सोमवारी तू खुशाल जा. मी हाय."

मी निळी साडी धुऊन, पिळून, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. शनिवारी हे उशिरा आले. विचारलं तर म्हणाले, ड्युटी सुटल्यावर अंबरनाथला एक काम होतं. मी त्यांना मामांची बैठक दाखवली. दाबून बघितली त्यांनी. "चांगली जमली," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी दुपारी दारात टेंपो थांबला. त्यातून गाद्या उतरायला लागल्या. जुन्या, डागाळलेल्या, लॉजवरच्या, कुणाकुणाच्या खालच्या. पंधरा-वीस मोजल्या नि पुढं मोजायचं सोडलं. दोन माणसांनी त्या पडवीत रचल्या, पडवी भरली तेव्हा ओटीवर रचल्या, ओटी भरली तेव्हा माजघरात. मामांची खुर्ची भिंतीला लागली. वास असा की सुनंदा नाक धरून बाहेर पळाली.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"शेठकडचं काम," हे म्हणाले. "गेटवर आला होता तो. महिन्याला पन्नास खुर्च्यांच्या बैठका. तुझ्या त्या कडेच्या. मी शब्द दिलाय."

"मी उद्या शाळेत जाते."

"कशाला? पाच तास लोकाची घंटा बडवायला? इथं घरबसल्या काम आलंय. बाबा पण डोळ्यांसमोर राहील. बाई घरात राहिली म्हणजे सगळं बरं असतं."

"तुम्हीच म्हणाला होता, सोय कर नि जा."

"सोय झाली की. ही त्याहून भारी सोय हाय."

माझ्या डोक्यात तिडीक उठली. म्हटलं, "मी जाणार. काय करायचं ते करा." हे वळले नि टेंपोवाल्याला पाणी द्यायला गेले. मला त्यांच्या त्या न भांडण्याची भीती वाटली, पण मी ती बाजूला सारली.

सोमवारी पहाटे उठून मी मामांचं सगळं आवरलं, त्यांना बसवलं, भाकऱ्या केल्या, साडी नेसले. हे अंथरुणात पडून बघत होते. अडवलं नाही. ओटीवरच्या गाद्यांच्या दोन थप्प्यांमधून आडवी होऊन मी बाहेर पडले. साडीला कुठलंसं तूस लागलं, ते झटकत झटकत स्टेशन गाठलं. मामांनी मागून काहीतरी आवाज केला, बघायला थांबले नाही.

शाळेच्या फाटकात मी पाऊल टाकलं आणि घंटा झाली. माझ्याआधी कुणी वाजवली, असं मनात आलं. व्हरांड्यात एक बाई हातोडी घेऊन उभी होती. माझ्याच वयाची, गळ्यात काही नाही, कपाळ मोकळं.

ऑफिसात क्लार्कनं माझं नाव ऐकलं आणि चष्मा काढला. "बाई, तुमचा नकाराचा अर्ज आलाय. शनिवारी ऑफिस उघडं होतं, तुमचे मिस्टर स्वतः देऊन गेले. घरी सासरे आजारी, येता येत नाही. आम्ही यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावलं. राजाबाई म्हणून आहेत."

त्यांनी अर्ज दाखवला. खाली माझं नाव होतं. अक्षर यांचं.

"ही सही माझी नाय," मी म्हटलं.

क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्यानं कोरा कागद पुढे केला, पेन दिलं. "मग असं लेखी द्या. सही खोटी आहे, नवऱ्यानं केली. आम्ही वर पाठवू. चौकशी होईल, त्यांना बोलावतील, कदाचित पोलीसही येतील. तुमचा हक्क आहे, बाई. द्या लिहून."

मी पेन घेतलं. तारीख लिहिली. मग मनात आलं, चौकशी होईपर्यंत मी रात्री निजायला कुठं जाणार? त्याच घरात, त्याच माणसाशेजारी. कंपनीत कळलं नि यांना काढलं तर मामांच्या औषधाचं काय? माहेरी भाऊ-भावजय, दोन खोल्या, सुनंदाला घेऊन किती दिवस? दारात राजाबाई उभी होती. हातोडी तिनं दोन्ही हातांत छातीशी धरली होती आणि माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती. ती बोलली असती, भांडली असती, तर मी कदाचित लिहिलं असतं.

मी पेन ठेवलं. "राहू द्या," म्हटलं.

"पाणी घेता, बाई?" क्लार्कनं विचारलं.

"नको."

घरी आले तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. हे ड्युटीवर गेलेले. मामा बैठकीत ताठ बसले होते, आणि मान वळवून रस्त्यावरच्या माणसांना एकेक करून नमस्कार करत होते. त्यांचा चेहरा किती दिवसांनी माणसासारखा दिसत होता. या घरातून एक माणूस सुटला होता, आणि तो मी सोडवला होता. राग कुणाचा करायचा? मामांचा येत नव्हता. ज्याचा येत होता तो घरात नव्हता, आणि आला असता तरी मी त्याला भाकरीच वाढणार होते. हे मला तिथं उभ्या उभ्या स्पष्ट कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

बनूबाई जमिनीवर फतकल मारून बसली होती. पुढ्यात लॉजवरची एक गादी. "आलीस का?" ती म्हणाली. तिला काही विचारायचं सुचलं नाही, की तिनं मुद्दाम विचारलं नाही, कोण जाणे. "किसन सांगून गेला, मला पण यातलं काम देणार म्हणून. बरंच झालं बाय, दिवसभर नुसतं बसून माझे पण हात आखडत होते. मी म्हटलं, तू येईस्तो एक उसवून ठेवते."

मी उंबऱ्यावर बसले. निळी साडी तशीच अंगावर. मनात ठरवलं, या ढिगाला मी हात लावणार नाही. सडू दे. उंदीर लागू दे. शेठ येऊन बोंबलू दे. यांनी शब्द दिलाय ना, यांनी शिवावं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न करता बसणार होते, आणि मला बरं वाटायला लागलं. कितीतरी वेळ मी तशी बसले.

बनूबाईनं कात्री उलटी धरली होती. शिवण सोडून ती कापडच फाडत चालली होती. चर्र, चर्र. एवढं चांगलं जाड कापड, पट्ट्या काढायला एकदम पक्कं, आणि ती त्याच्या चिंध्या करत होती. मी दुसरीकडे बघितलं. चर्र. मी रस्त्याकडे बघितलं. चर्र. दोन बोटं आत घालून धागा वर काढायचा आणि तोच कापायचा, एवढं साधं काम.

"अशी नाय, बनूबाई," माझ्या तोंडून निघालं. "आण ती इकडं."

तिनं गादी माझ्याकडे सरकवली.